एका भावाचं सोनं, दुसऱ्याचं पितळ

"मी पितळ का गं, अन्बरसी?"

मुत्तुकरुप्पसामीनं हे इतक्या शांतपणे विचारलं की अन्बरसीनं हातातलं काम सोडून त्याच्याकडे पाहिलं. तिचा हा थोरला भाऊ ओरडायला लागला की काही वाटत नसे. शांत झाला की मात्र खैर नव्हती.

कोविलपट्टीच्या बस स्टँडसमोरच्या फ्लेक्सच्या दुकानात अन्बरसी नऊ वर्षं काम करत होती. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना तिनं गोरं केलं होतं. आज मात्र फ्लेक्स घरचाच होता. उद्या सकाळी लेकीचे, मगिळिनीचे, कान टोचायचे होते. कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसते, आणि मगिळिनीला मामा दोन. विहिरीच्या मोटारीवरून दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. महिनाभर दोन्ही घरी खेटे घालून अन्बरसीनं तोडगा काढला होता: डावा कान थोरल्याच्या मांडीवर, उजवा धाकट्याच्या. फ्लेक्सवरही दोघांना दोन वेगळ्या चौकटी, सारख्या मापाच्या, दोन्ही नावांवर कॉम्प्युटरनं चढवलेलं सोनं. आणि ते तपासायला भर दुपारी दोघंही जातीनं हजर झाले होते.

डावीकडे धाकट्याचं 'पांडी' हे नाव नुसतं झळाळत होतं. उजवीकडे 'मुत्तुकरुप्पसामी' मात्र न घासलेल्या समईसारखं काळपट दिसत होतं.

"अक्का, सांग त्याला," पांडी खुर्चीत रेलून म्हणाला, "कॉम्प्युटरला माणसाची पारख असते."

"अन्बरसी, सांग त्याला, उद्या एकाच कानात डूल घालून फिरेल म्हणावं भाची. मी काही येत नाही."

"कुणी कुठं जात नाही!" अन्बरसीनं पदर खोचला. "दोघांना एकच सोनं दिलंय मी. त्याच डबीतलं! बसा गप."

आतून दुकानाचे मालक आरोक्यम ओरडले, "चारला मशीन लग्नाच्या फ्लेक्सला लागणार हं, अन्बरसी! त्याआधी काय ते उरक."

तीन वाजत आले होते. तिनं थोरल्याच्या नावावरचं सोनं पुसून पुन्हा चढवलं. पुन्हा पितळच. धाकट्याचं सोनं जसंच्या तसं उचलून थोरल्याला लावलं. तरी पितळ! मग तिला वाटलं, उजेड चुकीच्या बाजूनं पडत असेल. तिनं थोरल्याच्या नावावरचा उजेड फिरवला आणि नाव जरा उजळलं. थोरल्यानं मिशीला पीळ भरला, तोच डावीकडे पांडी काजळीसारखा काळा पडला.

"अक्का! माझा उजेड त्याला दिलास?"

"दिला नाही रे बाबा! दोघांचा सूर्य एकच आहे, इकडे फिरवला की तिकडेही फिरतो."

"मग त्याला वेगळा सूर्य दे!"

तिनं दिला. दोन सूर्य झाले, पांडी पुन्हा झळाळला, थोरला मात्र पितळाचा पितळच राहिला. पण हार मानेल ती अन्बरसी कसली. सावली काढली, कडा गुळगुळीत केल्या, पिवळा वाढवला. थोरल्याचं नाव आता पिकल्या केळ्यासारखं दिसू लागलं.

"कडा बघ, कडा," थोरला खुर्ची ओढत पुढं सरकला. "त्या 'क'ची कड आत घुसलीय."

"कुठं?" पांडीही वाकला. "तो 'क' नाही, 'रु' आहे. चष्मा कुठंय तुझा, अण्णा?"

अन्बरसीचा हात थबकला. दोन वर्षांनी 'अण्णा'! तिनं मान वर केली नाही, न जाणो, दोघांना भान यायचं.

"घरी राहिला," थोरला म्हणाला. "तूच बघ नीट. हिला काही जमत नाही."

"नाहीच जमत. नऊ वर्षं इथं काय करते कोण जाणे."

"लहानपणी रांगोळी तरी कधी सरळ आली हिची?"

अन्बरसीला राग यावा की हसू, तेच कळेना. तोंडं मिटून बसलेले दोघं आता तिच्या डोक्यावरून गप्पा मारत होते, आणि तेही तिलाच नावं ठेवत!

साडेतीनला आरोक्यम बाहेर आले. "अगं, दोन चौकटी कशाला? दोन्ही नावं एका ओळीत टाइप कर आणि त्या ओळीला एकदाच सोनं लाव. मग फरक पडेलच कसा?"

अन्बरसीनं डोळे मिटून घेतले. दोन वेगळ्या चौकटींसाठी तिनं महिनाभर पायपीट केली होती, आणि हा माणूस...

"अण्णाचं नाव आधी येईल ना?" पांडीनं हळूच विचारलं.

थोरला खाकरला. "येईल. पण ह्याची अक्षरं माझ्यापेक्षा बारीक नकोत. मामा आहे तोही." मग उठून म्हणाला, "चल, चहा घेऊ. हिचं आपलं चालू दे."

दोघं समोरच्या टपरीवर गेले. अन्बरसीनं एक ओळ टाइप करून सोनं लावलं. दोन्ही नावं सारखी लखलखली. फ्लेक्स तयार होता, पण तिचा जीव त्या पितळात अडकला होता. तिनं जुनी फाइल पुन्हा पुढं घेतली. दहा मिनिटं निरखल्यावर तिला सापडलं! थोरल्याचं लांबलचक नाव चौकटीत बसवायला तिनं आवळलं होतं. अक्षरं बारीक झाली, पण वरचं सोनं तेवढंच जाड राहिलं. मग ते काळवंडेल नाही तर काय! तिनं सोनंही त्याच मापात आवळलं. दोन चौकटी, दोन नावं, एकच झळाळी!

"अण्णा!" अशी हाक मारायला ती उठली आणि दारातच थांबली. टपरीवर थोरला आपल्या बशीतला अर्धा वडा पांडीच्या बशीत ढकलत होता आणि पांडी तोंड भरून काहीतरी सांगत होता. थोरला खदाखदा हसत होता.

अन्बरसी परत येऊन बसली. एका ओळीचा फ्लेक्स तिनं मशीनला पाठवला आणि चौकटींची फाइल बंद करायला गेली. बदल जतन करायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. तिनं 'नाही' दाबलं.

"काय गं," मशीनशेजारून आरोक्यमनी विचारलं, "बिघाड कशात होता ते कळलं का शेवटी?"

"छे हो, मालक," अन्बरसी डोळे पुसत म्हणाली. "मला कुठं काय जमतं!"