कोलूवरचा जर्मन ऋषी

"अहो, ऋषींचं मुंडकं तुमच्या हातात कसं?" चंद्रिकाने विचारलं.

प्रश्न रास्त होता. वेलचेरीच्या फ्लॅटात नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडताना पद्मनाभ जर्मन ऋषींना सर्वांत वरच्या पायरीवर, गणपतीशेजारी बसवत होता. धड बसलं, डोकं त्याच्या मुठीत राहिलं. आणि तासाभरात विजयेंद्रकाका जर्मनीहून घरी पोहोचणार होते, तेही तेहतीस वर्षांनी.

हे चिनी मातीचे दाढीवाले ऋषी गेल्या खेपेस काकांनीच आणलेले. तेव्हा पद्मनाभ आठ वर्षांचा होता आणि काका म्हणजे परमेश्वराच्या जरा वरचे अधिकारी, असं त्याचं मत होतं. "हे काय आणलंस?" असं पद्मनाभच्या वडिलांनी, आप्पांनी, दरडावल्यावर काका थोरल्या भावाला म्हणाले होते, "साधू आहे, अण्णा. तिकडचा." झालं! साधू कोलूवर चढला. त्याला हरभऱ्याच्या उसळीचा, सुंडलचा नैवेद्य, आरती. पद्मनाभने तर दहावीचं हॉलतिकीटही त्याच्या पायांशी ठेवलं. गणितात छत्तीस पडले, तेव्हा ऋषींना तमिळनाडूचा अभ्यासक्रम ठाऊक नसावा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

काकाही मोठे भक्त. दर दसऱ्याला फोनवर पहिला प्रश्न, "साधूस सांभाळलंत ना?" आप्पा तर ऋषींना कुणाला हात लावू देत नसत. दसरा झाला की दार लावून तासभर स्वतः पुसत आणि धोतरात गुंडाळून कपाटात कुलूपबंद करत. यंदा त्यांचा गुडघा आखडला म्हणून सेवा मुलाकडे आली, आणि मुलाने पहिल्याच दिवशी शिरच्छेद केला.

"आप्पा झोपलेत तोवर चिकटवा," चंद्रिका म्हणाली.

ऋषींच्या मानेखाली बुचासारखं काहीतरी होतं. जर्मन काम किती पक्कं, असं मनात म्हणत पद्मनाभने त्यावर गोंदाची अख्खी नळी पिळली. डोकं बसलं. त्याचा अंगठाही दाढीवर बसला. ओढला, तर ऋषी बरोबर आले. तेवढ्यात बेल वाजली.

काका आत आले तेव्हा पुतण्या ऋषींना छातीशी धरून उभा होता.

"अय्यय्यो, पद्दू! काय हे?"

"तुम्ही येईपर्यंत खाली ठेवणार नाही म्हणाले," चंद्रिकाने ठोकून दिलं.

काकांचे डोळे भरून आले. पद्मनाभचेही आले, पण ते अंगठ्यामुळे.

"तीस वर्षं मज याचीच स्वप्नं पडतात," काका कुजबुजले. "अण्णा कुठे?"

"आत झोपलेत."

"सेरी, बरं झालं. मग दोन पेले आण."

"पेले?"

"अरे, प्लमच्या ब्रँडीची बाटली आहे ती! तिरुवल्लिकेणीच्या मित्रांस आणली होती. अण्णाने विचारलं, तोंडास आलं ते सांगितलं. तर त्याने नेऊन ठेवली गणपतीशेजारी! तिथून कशी उचलणार?"

पद्मनाभने अंगठ्याला चिकटलेल्या ऋषींकडे पाहिलं. आठव्या वर्षापासून जपलेले काका आणि ऋषी दोघेही एका दमात गेले होते, आणि त्याला खरोखरच वाईट वाटलं. हॉलतिकीट आठवून तर जास्तच.

काकांनी मुंडकं जोर लावून पिरगाळलं. ते सुटलं, अंगठ्याची थोडी सालही घेऊन गेलं. काकांनी ऋषींना पेल्यावर उपडं केलं. एक थेंब पडला नाही.

"सीलबंद आणली होती मी," काका हताश होऊन म्हणाले.

तिघांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दारात काठी टेकत आप्पा उभे होते. दारू या विषयावर साऱ्या घराला आयुष्यभर व्याख्यानं देणारे आप्पा.

"बघतां काय?" आप्पा गरजले. "मद्रासचा उकाडा आहे. आटली."

मग काकांच्या नव्या बॅगेकडे बघत ते हळूच म्हणाले, "विजू, या खेपेस कुणी साधू नाही आला तुझ्याबरोबर?"