नळावरची पाहुणी

बायकोने, डोरीनने, अट घातली तेव्हाच ऑर्विल हॅस्केटला वाटलं, आपण जिंकलो. विचिटा शहरातलं घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य घरगाडीत फिरत काढायचं, हे टपाल खात्यातून निवृत्त झाल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बसलं होतं. (दुसरा विषय त्याने काढला नव्हता. डोरीन आजारी असतानाही नाही.)

"भर जानेवारीत चार रात्री त्या गाडीत काढू," डोरीन म्हणाली. "ग्रँड कॅन्यनलाच जाऊ. तिथल्या हॉटेलात ऊब घ्यायला मी एकदा जरी पाऊल टाकलं, तर घर विकायचं पुन्हा नाव काढायचं नाही. नाही टाकलं, तर मी सही करते."

एवढंच ना, म्हणून ऑर्विलने कंबर कसली. पहिल्याच रात्री पाण्याची नळी गोठून काठीसारखी ताठ झाली. त्याने तिला विजेवर तापणारी पट्टी गुंडाळली. मग कळलं, की त्या गाडीतळावर गाडीला मिळणाऱ्या विजेवर ती पट्टी, हीटर आणि टोस्टर यांतलं कुठलंही दोनच एका वेळी चालतं. तिसरं लावलं की सगळंच गुल.

"डोरीन, टोस्ट भाजायचाय की जगायचंय?"

"दोन्ही करायचा विचार होता," डोरीन तीन ब्लँकेटांतून म्हणाली. पण हॉटेलाचं नाव तिने काढलं नाही, आणि ऑर्विलनेही माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सांडपाण्याचं तोंड गोठलं, तरी तो शिट्टी वाजवत होता. (दात वाजत होते ते लपवायला.) तिसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीतल्या मर्लने सल्ला दिला, की बाहेरचा नळ थेंब थेंब चालू ठेव, म्हणजे गोठणार नाही. ऑर्विलने तो लगेच अमलात आणला.

चौथ्या दिवशी सकाळी तो सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन आला. अंगावर टॉवेलच्या कापडाचा झगा, पायात सपाता, केस ओले. आणि बघतो तर गाडीच्या पायरीशी एल्कची मादी. एल्क म्हणजे हरीणच, पण घोड्याच्या उंचीचं. ठाण मांडून ती नळ चाटत होती.

ऑर्विल पुढे सरकला तेवढ्यात मागून वनरक्षक बाईंचा आवाज आला. "शंभर फूट लांब राहायचं, सर. नियम आहे."

"अहो, ते माझं घर आहे."

"असेल. पण सध्या तिथे ती उभी आहे."

"हाकला ना तिला."

"आली तशी जाईल. नळ कुणी चालू ठेवलाय?"

ऑर्विल आकाशाकडे पाहू लागला. मर्ल घडीची खुर्ची टाकून, कॉफी घेऊन आधीच लांब बसला होता. त्याची गाडीही त्याच शंभर फुटांत येत होती. "मी कोट घालून बाहेर पडलो," तो म्हणाला, जणू ऑर्विलने विचारलंच होतं.

गाडीची खिडकी बोटभर उघडली. "हलू नकोस रे, ती बिचकेल," डोरीन म्हणाली.

"आणि माझं काय?"

"तू कुठे बिचकतोयस? तू नुसता गारठतोयस."

चाळीस मिनिटं झाली. ऑर्विलचे केस कडक झाले, एक कान आहे की गेला ते कळेना. वनरक्षक बाई म्हणाल्या, "चला, हॉटेलात सोडते." तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून शब्दच फुटेना, तेव्हा बाईंनी त्याला जीपमध्ये घातलं.

हॉटेलात शेकोटी धगधगत होती. चार जण त्याच्या झग्याकडे बघत होते, बघोत. पॅनकेकचा पहिला घास घशाखाली उतरला आणि ऑर्विलला आपलं विचिटातलं घर आठवलं, तिथला गरम पाण्याचा टब आठवला, आणि डोळ्यांत पाणीच आलं. त्याला घरगाडीत राहायचं नव्हतं. एक दिवससुद्धा नाही.

दुपारी तो परतला तेव्हा एल्क गेली होती. चेहरा शक्य तितका दुःखी करून तो आत शिरला. "डोरीन, मी हरलो. हॉटेलात जाऊन आलो. आता घर काही विकता येणार नाही."

"हरलास कसा? अट माझ्या जाण्याची होती. तू जाशील असं कुणाच्या मनात आलं होतं?" डोरीनचे गाल लाल झाले होते. "अरे, तू गेल्यावर त्या तुझ्या पट्टीचा प्लग काढला, हीटर आणि टोस्टर एकदम लावले. हातात टोस्ट, खिडकीत एल्क, आणि हे बंद कर, ते बंद कर म्हणणारं कुणी नाही. काय सुख होतं म्हणून सांगू. लगेच घराच्या एजंटला फोन केला. गिऱ्हाईक तयार आहे, मंगळवारी सही."

"अजून एक रात्र बाकी आहे," ऑर्विल चाचरत म्हणाला.

"ती मी झोपेत काढीन."

ऑर्विलने सपाता काढून हीटरपुढे पाय धरले. मग त्याने हळूच विषय काढला, "पुढच्या हिवाळ्यात फ्लोरिडाला जाऊ. तिथे छान ऊन असतं म्हणतात."

"गर्दी असते तिकडे," डोरीन टोस्टला लोणी लावत म्हणाली. "मर्ल म्हणत होता, हिवाळ्यात अलास्का अगदी मोकळं असतं."