तान वाढला आहे

ज्या आनंदाचे मापन झालेले नाही, तो आनंद झाला होता असे मानण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. पूर्वीच्या लोकांना हे ठाऊक नव्हते, म्हणून ते गाणे कानाने ऐकत. कान हा अवयव डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेला असून त्यावर कोठेही अंशांच्या खुणा नाहीत. डाव्याची उजव्याशी पडताळणी केल्याचा पुरावा नाही. ऐकलेले आवडले की नाही, याचा निर्णय तर दोहोंच्या मधल्या जागेत, कोणत्याही देखरेखीशिवाय घेतला जाई. एवढ्या ढिसाळ व्यवस्थेच्या भरवशावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या माना डोलावल्या.

ही उणीव मनगटी घड्याळाने दूर केली. नव्या घड्याळात गाणी साठवता येतात, कानात घालायच्या बोंडांतून ती ऐकता येतात आणि ऐकत असताना ऐकणाऱ्याची नाडी मोजली जाते. (घड्याळ वेळही दाखवते, त्यासाठी आधी तीन सूचना बाजूला साराव्या लागतात.)

असे एक घड्याळ अचूकरावांना त्यांच्या लेकीने वाढदिवसाला दिले. अचूकराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते मापन प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी ठेवले होते आणि खऱ्या नावापेक्षा ते अधिक बरोबर आहे, हे त्यांनी स्वतः मान्य केले होते. बर्फाच्या पाण्यात तापमापक बुडवायचा आणि तो शून्य दाखवतो का ते पाहायचे, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. बाजारातून आणलेली भाजी ते घरच्या काट्यावर पुन्हा तोलत. अविश्वास म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

घड्याळावर गाणे लावणे अतिशय सोपे आहे. (माहितीपुस्तिका, पान दुसरे. उरलेली पाने ते कसे सोपे आहे याविषयी आहेत.) पडदा लहान आणि बोटाचे टोक त्याहून किंचित मोठे असल्यामुळे बोट टेकवले की ज्यावर टेकवायचे तेच दिसेनासे होते, एवढीच अडचण. पुढचे गाणे हवे असताना अचूकरावांनी पहिल्या आठवड्यात दोनदा लेकीला फोन लावला, एकदा होकायंत्र उघडले आणि एकदा कार्यालयातल्या खुर्चीत बसून पोहण्याचा सराव सुरू केला. तो संध्याकाळी लक्षात आला, तेव्हा घड्याळाने त्यांचे अभिनंदन केले. दिवसभर पोहूनही नाडी संथ राहिल्याबद्दल विशेष.

नाडीच्या गतीला साजेसे गाणे आपोआप निवडण्याची सोयही घड्याळात होती. जिना चढताना नाडी वाढली म्हणून गाणे जलद झाले, गाणे जलद म्हणून पाय जलद झाले, आणि पाय जलद म्हणून नाडी आणखी वाढली. कार्यालय चौथ्या मजल्यावर असताना अचूकराव त्या दिवशी गच्चीत पोहोचले. यंत्राने आपले काम चोख बजावले होते. इमारतच कमी पडली.

अचूकरावांची पत्नी गात असे. आसपासच्या मुलामाणसांना ती गाणे शिकवी, त्यामुळे सगळे तिला बाई म्हणत. अचूकराव ‘अगं’ म्हणत. रोज सकाळचा रियाज संपला की पेटीचा भाता मिटता मिटता ती विचारी, “कसं वाटलं?” आणि अचूकराव म्हणत, “बरं वाटलं.” लग्नाला इतकी वर्षे होऊनही या उत्तरात फरक पडला नव्हता. उपकरणशास्त्रात याला स्थिरता म्हणतात आणि तो गुण समजला जातो.

मात्र त्या वर्षी वाचनालयाच्या सभागृहात बाईंचा पहिलाच जाहीर कार्यक्रम ठरला. मध्यंतराआधी दोन गाणी, नंतर एक. हे जमले तर पुढे गायचे, नाहीतर पेटी माळ्यावर टाकून गच्चीत कुंड्या लावायच्या, असे त्यांनी घरात जाहीर करून टाकले. लेकीने समजूत घालून पाहिली, पण बाईंचे ठरले होते. त्यांना या खेपेला नवऱ्याकडून फक्त खरे मत हवे होते.

“बरं वाटलं चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “बरं ताप उतरल्यावर वाटतं.”

खरे सांगायचे म्हणजे मोजून सांगायचे, हे उघडच होते. अचूकरावांनी बाईंचा रियाज घड्याळात भरून घेतला आणि कार्यालयात काम करता करता तो कानात बोंडे घालून ऐकायला सुरुवात केली.

या घड्याळात एक बोलणारी बाईही होती. तिला मराठी नव्याने शिकवलेले होते. दुपारी ती “आपन पानी प्यावे” म्हणे, आणि अचूकराव निमूटपणे पाणी पीत. ती बोले तेच पडद्यावर उमटतही असे. पण चष्मा सापडून नाकावर चढेपर्यंत वीज वाचवण्यासाठी पडदा काळा होई, म्हणून त्यांनी तोंडी माहितीवर भागवायचे ठरवले. आयुष्यभर इतरांच्या मोजणीतल्या चुका काढलेल्या माणसाने स्वतःला दिलेली ही एकमेव सवलत होती.

पहिल्याच दिवशी तापमापक बर्फात बुडलेले होते, कानात बाईंचे गाणे हळूहळू वर चढत होते, पहिली तान सुटली आणि तिला मध्येच तोडून घड्याळातली बाई म्हणाली, “तान वाढला आहे. कृपया शांत बसा.”

अचूकराव शांतच बसलेले होते.

एका नोंदीवर विसंबणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी तेच गाणे त्याच खुर्चीत पुन्हा लावले. त्याच जागी, त्याच तानेला, तीच सूचना आली. मग तुलनेसाठी इतर गायकांची गाणी लावली, घड्याळ गप्प. तेच गाणे दुसऱ्या गायिकेच्या आवाजात लावले, गप्प. त्याच सुमारास इमारतीत आगीच्या घंटेची चाचणी झाली आणि लोक फायली टाकून जिन्याकडे धावले. अचूकराव मनगट धरून बसून राहिले, घड्याळ गप्प. साहेबांचे मासिक मार्गदर्शन सुरू असताना तर घड्याळ आपणहून म्हणाले, “तान कमी आहे. छान.”

निष्कर्ष टाळणे अशक्य होते. दोष सर्व गाण्यांत नव्हता, सर्व तानांत नव्हता, फक्त बाईंच्या तानेत होता.

संध्याकाळी त्यांनी हा निष्कर्ष, कोणतीही भर न घालता, घरी सांगितला. बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी आधी व्याकरण दुरुस्त केले.

“वाढला काय? तान वाढली म्हणावं.”

“यंत्र आहे. व्याकरण कच्चं असेल, पण कान पक्का आहे.”

“त्याला काय कळतंय गाण्यातलं?”

“काहीच नाही,” अचूकराव म्हणाले. “म्हणून तर विश्वास ठेवायचा.”

एरवी बाईंनी हे हसण्यावारी नेले असते. पण शिकत असताना त्यांच्या गुरूंनीही एकदा, तान जरा आवरती घे, असे म्हटले होते. दोन स्वतंत्र ठिकाणांहून एकच मत आले की माणूस वाद घालत नाही. बाईंनी तान आवरती घ्यायचे ठरवले.

त्यानंतर रियाजाची एक पद्धत बसली. बाई गात. समोर स्टुलावर अचूकराव दिवा धरल्यासारखा हात उंच धरून बसत. घड्याळ बोलले की बाई थांबत, तेवढा भाग कापत आणि पुन्हा सुरू करत. आधी लांब ताना गेल्या, मग छोट्या. मग आवाज जिथे जिथे सहज वळत होता तिथे तो सरळ करण्यात आला. घड्याळाची नाराजी दिवसागणिक उतरत गेली आणि अचूकरावांनी तिचा आलेख काढून स्वयंपाकघरात लावला. महिन्याअखेर गाणे इतके सपाट झाले, की त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा बरोबर मध्ये थांबला असता.

“तान नाही. उत्तम,” घड्याळ म्हणाले.

शिकायला येणाऱ्या एका गृहिणीने बाईंना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या. लेक फोनवर थोडे ऐकून म्हणाली, आई वाचून दाखवतेय का? ही मते मोजमापाशिवाय दिलेली असल्यामुळे विचारात घेतली गेली नाहीत. आणखी एक बदल झाला, त्याची नोंद कोणी केली नाही. रियाज संपल्यावर बाई आता “कसं वाटलं?” असे विचारत नसत. त्या थेट मनगटाकडे बघत.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरले होते आणि बहुतेक मनगटांवर घड्याळे होती. बाईंनी दोन्ही गाणी ठरल्याप्रमाणे, कोठेही न वळता, सरळ शेवटापर्यंत नेली. टाळ्या झाल्या. (दोन ओले तळवे एकमेकांवर चोळणे आणि दोन कोरडे तळवे एकमेकांवर आपटणे यांतला भेद या घड्याळांना कळत नाही. टाळी सुरू होताच ती हात धुण्याची वेळ मोजू लागतात आणि पुरेसे झाले की कळवतात. त्यामुळे सभागृहातल्या सर्व टाळ्या एकाच क्षणी थांबल्या. हात स्वच्छ झाले होते.)

मध्यंतरात, खुर्च्यांच्या थप्प्या रचलेल्या बाजूच्या खोलीत, बाई कागदी पेल्यातला चहा घेऊन बसल्या. गाण्याचे शब्द वाचण्यासाठी चष्मा त्यांच्या नाकावर होताच. सवयीने त्यांनी नवऱ्याचे मनगट ओढले, पडदा पाहिला आणि मनगट दिव्याखाली नेले. मनगटाबरोबर अचूकरावही गेले.

“अहो, हा ण आहे.”

“कुठला?”

“बाणातला. ‘ताण नाही. उत्तम.’ ही बया माझ्या तानेबद्दल बोलतच नव्हती.”

अचूकरावांनी खिशातून चष्मा काढला, तोवर पडदा विझला, तो त्यांनी पुन्हा पेटवला आणि वाचले. ताणच होता. ‘वाढला’ हेही बरोबर होते. घड्याळाचे व्याकरण पहिल्या दिवसापासून निर्दोष होते. फक्त उच्चार शिकवताना, ‘न’ असताना आणखी एक ‘ण’ कशाला, असा काटकसरीचा विचार कोणीतरी केला होता.

“म्हणजे मी गायला लागले की तुम्हाला ताण येतो,” बाई म्हणाल्या. आवाजात कसलाही चढउतार नव्हता. महिनाभराच्या सरावाने तो चांगलाच साधला होता.

“त्याला ताण कळत नाही गं. त्याला फक्त नाडी कळते. जिना चढलं तरी वाढते, घाबरलं तरी वाढते.”

“तुम्ही जिना चढत नव्हतात.”

“नव्हतो.”

“घाबरला होतात?”

“नाही.”

“मग काय उरलं?”

एकेक कारण वजा करत जायचे आणि उरेल ते मान्य करायचे, ही पद्धत अचूकरावांनी प्रयोगशाळेत कितीतरी नवशिक्यांना शिकवली होती. आपल्यावर ती कोणी वापरेल, असे मात्र त्यांना वाटले नव्हते.

“दुसऱ्या कोणाच्या गाण्याला वाढत नाही,” ते म्हणाले. “मी तपासलंय. आगीच्या घंटेलाही वाढली नाही. फक्त तुझ्या तानेला वाढते. दर वेळी.”

बाईंनी चहा खाली ठेवला.

“हे इतकी वर्षं तोंडाने सांगता आलं नसतं?”

“तोंडाची पडताळणी झालेली नाही,” अचूकराव म्हणाले. आणि हे विनोदाने म्हटलेले नव्हते.

घंटा झाली. बाईंनी शब्दांच्या कागदाची घडी करून ती नवऱ्याच्या खिशात कोंबली आणि त्या आत गेल्या.

तिसऱ्या गाण्यात पहिली तान सुटली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही जणांनी मनगटे खाली घातली. महिनाभर कापून ठेवलेले सगळे एकदम परत आले, वर काही नवीनही आले, आणि अचूकरावांच्या मनगटातून खणखणीत आवाज उमटला, “तान वाढला आहे.” त्यांनी घाईघाईने घड्याळ सोडून खिशात टाकले. घड्याळाच्या दृष्टीने घटनाक्रम असा होता: वापरकर्ता बसून होता, नाडी एकाएकी उसळली, आणि नंतर नाडी सापडेनाशी झाली. त्याने नियमाप्रमाणे रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेचे दोघे कर्मचारी स्ट्रेचर घेऊन दारात आले, तेव्हा बाई गात होत्या. ते तसेच दाराशी थांबले. एवढ्या निकडीच्या कामात ते किती वेळ थांबले, याची चौकशी पुढे होऊ शकली असती, पण तक्रार कोणी केली नाही. गाणे संपले, टाळ्या सुरू झाल्या, हात स्वच्छ झाल्याची सूचना सगळीकडून एकदम आली, आणि लोक तरीही हात धूतच राहिले.

“त्रास कोणाला होतोय?” त्या गोंगाटात एका कर्मचाऱ्याने विचारले.

अचूकरावांनी हात वर केला.

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून,” अचूकराव म्हणाले.

त्यांना जागेवरच तपासून सोडून देण्यात आले. पेटी खोक्यात घालताना बाईंनी, मान वर न करता, “कसं वाटलं?” असे विचारले. अचूकरावांनी उत्तर दिले. ते लांबले, त्यात एकही आकडा नव्हता, वाक्ये अर्धवट होती आणि एकच गोष्ट तीनदा आली. शास्त्रीय मूल्य शून्य असल्यामुळे ते येथे दिलेले नाही. पेटी माळ्यावर गेली नाही, एवढे नमूद करणे पुरे.

एवढी साधी गोष्ट सांगायला अचूकरावांना घड्याळ, बर्फ, आगीची घंटा आणि रुग्णवाहिका लागली, याचे आपल्याला हसू आले असेल, तर ते योग्यच आहे. फक्त एक किरकोळ बाब. आपण हे वाचत असताना, मघाशी, घरातून कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारले आणि आपण मान वर न करता “हं” म्हणालात. लेखकाने हे मोजलेले नाही. पण याची संभाव्यता इतकी जास्त आहे, की मोजण्यात वेळ घालवू नये. प्रश्न काय होता, हे आठवत नसल्यास वाईट वाटून घेऊ नये. विचारणारी व्यक्ती आपले “हं” हेच उत्तर धरून एव्हाना कामाला लागली आहे.