धुरळा क्लबचे अकरा मार्गदर्शक

एका जंगलात मुलींना चार-चार पाय होते, आणि चारही स्वस्थ बसत नव्हते.

बाळांनो, मांडी घालून बसा. मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत. मोठ्यांना प्रश्न विचारले की काय होतं, ते कथेत येईलच.

तर त्या मुलींनी फुटबॉल क्लब काढला. सुगरणीने गवताचा चेंडू विणून दिला. ठिपकी नावाची हरिणी कप्तान झाली. खेळताना जे उडत होतं, तेच तिने क्लबचं नाव ठेवलं: धुरळा.

ठिपकीला भारी घाई होती. दीड वर्ष भरलं की मुलीने खेळणं सोडायचं आणि गवत चघळत शहाण्यासारखं बसायचं, असा त्या जंगलाचा रिवाज होता. ठिपकीचं दीड वर्ष भरायला एक महिना उरला होता. त्याआधी तिला एक सामना खेळायचा होता. एकच. नदीपलीकडच्या पाणमांजर मुलींशी.

ही गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानावर गेली. त्यांना फार कौतुक वाटलं. कौतुक वाटलं की ते सभा घेत.

जांभळीखाली सभा भरली.

“धुरळा?” घोरपडमावशी म्हणाली. “अगं, मुलीच्या जातीने धूळ उडवायची नसते. झाडायची असते.”

“नावात संस्कार पाहिजेत,” अस्वलकाका म्हणाले.

“आणि कुणीतरी कैलासवासी पाहिजे,” घुबडआजोबा झोपेतून म्हणाले. “त्याशिवाय संस्थेला वजन येत नाही.”

“आजोबा, सामना महिन्याभरात आहे,” ठिपकी म्हणाली.

“पाहिलंत? उलट उत्तर. संस्कार पाहिजेतच.”

पंचवीस दिवसांनी नाव ठरलं: कैलासवासी वाघीणआत्या स्मृती वनकन्या सुसंस्कार पादकंदुक मंडळ. वाघीणआत्यांना नाव फार आवडलं. त्यांची हरकत एकाच शब्दाला होती, कारण त्या जिवंत होत्या. मग त्यांचा मान राखून सुरुवातीला ‘भावी’ घातलं.

उरलेल्या दिवसांत प्रशिक्षक नेमले गेले. अस्वलकाका मुख्य प्रशिक्षक झाले, कारण मधाचं पोळं शोधताना ते एकदा एका मैदानाच्या कुंपणाला टेकून बसले होते. घोरपडमावशीकडे बचाव आला, कारण ती जिथे चिकटायची तिथून हलत नसे. घुबडआजोबा व्यूहरचना बघणार होते. दिवसा त्यांना दिसत नसे, पण त्यांचा अनुभव दांडगा होता. चेंडू वर असतानाचा प्रशिक्षक वेगळा, खाली असतानाचा वेगळा. चेंडू हरवला तर काय, यासाठी एक मानद सल्लागार. असे अकरा जण झाले.

“आणि सराव?” ठिपकीने विचारलं.

“आधी सत्कार,” अस्वलकाका म्हणाले. “आम्ही अकरा जण आहोत. एकमेकांचे सत्कार करायला वेळ लागतो, पोरी.”

सामन्याचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी ठिपकीचं दीड वर्ष भरणार होतं. मुली पहाटेपासून पाय झाडत मैदानाच्या कडेला उभ्या होत्या.

पंच होता बगळा. त्याने फॉर्म उघडला. फॉर्मवर संघाच्या अकरा नावांची जागा होती. तिथे अकरा प्रशिक्षकांची नावं होती, सुवाच्य अक्षरात, पदांसहित.

“आणि आम्ही?” ठिपकी ओरडली.

“आहात की!” अस्वलकाका दुखावल्या स्वरात म्हणाले. “समासात बघ. ‘व मुली’ असं लिहिलंय.”

“समास मैदानात येत नाही,” बगळा म्हणाला. “नावं ज्यांची, खेळणार ते.”

“अहो, पण हा मुलींचा सामना आहे!”

“मी फॉर्म बघतो. बाकी वेळ माझे डोळे मिटलेले असतात.” असं म्हणून त्याने एक पाय वर घेतला आणि शिट्टी फुंकली.

शाली सावरत अकरा मार्गदर्शक मैदानात उतरले. घोरपडमावशी गोलखांबाला चिकटली. घुबडआजोबा मध्यभागी झोपले. मग कप्तान कोण, यावर मैदानातच सभा सुरू झाली.

पाणमांजरांची कप्तान लाटकी ठिपकीपाशी आली.

“ए, हे किती वेळ बोलतात?”

“एका नावाला पंचवीस दिवस.”

“आई गं! आम्ही सकाळीच नदी पोहून आलोय. आम्हाला खेळायचंय.”

ठिपकीने बगळ्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले. प्रशिक्षकांकडे पाहिलं. तोंडं उघडी. मग तिने मागे, नदीच्या वाळवंटाकडे पाहिलं. तिथे कोणीही नव्हतं. इतकी सुंदर जागा तिने जन्मात पाहिली नव्हती.

“चला गं,” ती म्हणाली. “आणि चेंडू घ्या.”

“मग त्यांना?” लाटकीने विचारलं.

“त्यांना ते खाली पडलेलं कवठ ठेव. कळणार नाही.”

मग त्या वाळवंटात काय धुरळा उडाला, बाळांनो! ठिपकीने एक गोल लाटकीच्या डोक्यावरून मारला आणि एक स्वतःच नदीत पडता पडता. मोजले कोणी? हसून हसून पोटं दुखत होती.

इकडे सभा संपली, सामना झाला. समोर कोणीच नव्हतं. तरी आपले मार्गदर्शक एक-शून्यने हरले. चेंडू वर असतानाच्या प्रशिक्षकाने खालच्याला विचारून कवठ मागे, आपल्याच गोलात टोलवलं होतं.

“मुलींनी लक्ष दिलं नाही, म्हणून हरलो,” घोरपडमावशी म्हणाली. तिला खांबावरून सोडवायला चौघे लागले.

“आता रोज सराव करू,” अस्वलकाका गरजले. “सकाळ-संध्याकाळ! पोरींना म्हणावं, मध्ये मध्ये येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी ठिपकीचं दीड वर्ष भरलं. ती खेळणं सोडते की नाही, हे बघायला कोणी आलं नाही. सगळे मैदानावर कवठाभोवती सभा घेत होते.

वाळवंटात अजून धुरळा उडतो.

तात्पर्य: थोरामोठ्यांना नेहमी मान देऊन पुढे करावं. ते पुढे गेले की मागची जागा रिकामी होते.