तयारी सदतीस किलोंची

कंपनीच्या गेटवर चिकटवलेला कागद म्हस्कूनं तीनदा वाचला, तरी त्यातला मजकूर काही बदलेना. रांजणगावच्या एमआयडीसीत वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदारानं त्या साली, म्हणजे दोन हजार तीनमध्ये, नवा नियम काढला होता. पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येक वॉचमननं अडथळ्यांची शर्यत आठ मिनिटांत पुरी करून दाखवायची. टायरांतून पळायचं, जाळीखालून सरपटायचं, पाच फुटी भिंत ओलांडायची, पाण्याचा खड्डा पार करायचा आणि शेवटी तीस किलोंचं वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन पन्नास पावलं जायचं. जो पुरी करील तो कामावर राहील. जो करणार नाही त्याचं काय, हे कागदात लिहिलं नव्हतं, पण तेवढं म्हस्कूला न लिहिताही कळलं. शर्यत येत्या रविवारी होती आणि हातात दिवस होते सात.

म्हस्कूचं वय चौपन्न. नऊ वर्षं तो एकाच गेटवर उभा होता. त्याच्या घराण्यात मेंढरं सोडून दुसरं काही राखणारा तो पहिलाच, त्यामुळे खाकी टोपी आणि शिट्टी या दोन वस्तूंवर त्याचा जीव होता. सुट्टीच्या दिवशीही शिट्टी गळ्यात असायची. नऊ वर्षांत त्याच्या गेटमधून एक खिळा बाहेर गेला नव्हता. पण नऊ वर्षं खुर्चीवर बसून राखण केल्यानं पोट मात्र गेटच्या बाहेर गेलं होतं.

कवठे येमाईला घरी आल्यावर त्यानं बायकोला, बानूबाईला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग उद्यापास्नं लागा की तयारीला. रडून व्हनारं का ते?"

"सात दिसात कुठं ताकद येती का गं?"

"आनायची म्हनलं तर येती. जयसिंगाला सांगावा धाडते."

जयसिंग हा बानूबाईचा धाकटा भाऊ. टेम्पो चालवायचा. दौंडला पोलीस भरतीसाठी तीनदा गेलेला आणि तिन्ही वेळा परत आलेला, त्यामुळे अशा परीक्षांचा त्याचा अनुभव दांडगा. तो सांगावा मिळताच आला, म्हस्कूच्या भोवती एक फेरी मारली, पोटात बोट खुपसलं आणि निकाल दिला, "दाजी, माल जुना हाय, पर बॉडी चांगली हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तयारी सुरू झाली. जयसिंगनं खताच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरली आणि म्हस्कूच्या पाठीवर चढवली. दहाव्या पावलाला पोतं तळातून उसवलं. म्हस्कूला वाटलं, ताकद आली. वजन कसं हलकं हलकं होतंय! तो ऐटीत अंगणाला फेरी मारून आला, तेव्हा खांद्यावर नुसतं पोतं होतं आणि मागं वाळूची रांग.

दुसरं पोतं घरात नव्हतं. जयसिंग डोकं खाजवत उभा राहिला आणि त्याची नजर बाजीवर गेली.

बाजी म्हणजे बिरोबाच्या नावानं सोडलेला मेंढा. मेंढरं विकून चार एकर शेती करायला लागल्यावरही हा एक दाराशी राहिला होता. देवाचा म्हणून त्याला विकायचं नाही, कापायचं नाही. आणि रागवायचंही नाही, हे घरच्यांनी आपल्या पदरचं घातलं होतं. त्यामुळे बाजी कुणाच्या बापाला भीत नव्हता.

"ह्योच उचला," जयसिंग म्हणाला. "पोतं म्हंजी मेलेलं वजन. जित्तं वजन ज्याला पेललं, त्याला मेलेलं काय जड?"

म्हस्कूला हे एकदम पटलं. पोरवयात त्यानं किती मेंढरं खांद्यावर वाहिली होती! बाजीनं हुंदडू नये म्हणून जयसिंगनं तोडगा काढला: खांद्यावर घेतला की मूठभर मका तोंडापुढं धरायचा. तोडगा नामी होता. बाजी मका खात गप्प राहिला आणि म्हस्कू पन्नास पावलं गेला. नंतर अर्धा तास तो अंगणात आडवा पडला होता, हा भाग वेगळा.

तिसऱ्या दिवसापासून बाजी आपणहून येऊ लागला. म्हस्कू चूळ भरायला वाकला, की बाजी मागून येऊन गुडघ्यावर डोकं घासायचा आणि हलायचाच नाही. वाकलेला माणूस म्हणजे खांदा, आणि खांदा म्हणजे मका, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मक्याचा डबाही भराभर उतरू लागला.

"उंदरं लागली वाटतं," म्हस्कू म्हणाला.

"लागली असतील," बानूबाई म्हणाली आणि कंबरेला हात लावून उठली.

भिंतीचा सराव राहिला होता. गावात पाच फुटी भिंत एकच, आनंदराव पाटलांच्या परड्याची. गुरुवारी दिवस उगवायच्या आत म्हस्कू तिच्यावर चढला आणि वर गेल्यावर त्याला कळलं, की जयसिंगनं चढायचं शिकवलं होतं, उतरायचं नव्हे. तेवढ्यात पाटलीणबाई, तुळजाबाई, धारेची चरवी घेऊन बाहेर आल्या.

"चोर! चोर!" त्या ओरडल्या.

म्हस्कूच्या अंगात नऊ वर्षांची नोकरी होती. 'चोर' शब्द कानावर पडताच त्यानं गळ्यातली शिट्टी फुंकली, धाडकन आत उडी मारली आणि म्हणाला, "कुठं हाय? कुनीकडं पळाला? तुमी आत व्हा, पाटलीणबाई!" कडब्याच्या गंजीमागं, गोठ्यात, हौदापाशी त्यानं चोर शोधला. आनंदराव हातात काठी घेऊन आले, तर म्हस्कू त्यांनाच म्हणाला, "तुमी त्या अंगानं या आप्पा, मी ह्या अंगानं बघतो." दोघांनी सगळं परडं पालथं घातलं. चोर कोण, हे म्हस्कूच्या लक्षात आलं तेव्हा तुळजाबाई त्याला चहा देत होत्या. चहा पिऊन त्यानं खरं काय ते सांगितलं. आनंदराव पोट धरधरून हसले आणि उरलेले दोन दिवस भिंत त्याच्या स्वाधीन केली.

रविवारी सकाळी जयसिंग टेम्पो घेऊन आला. "शर्यतीच्या आधी अंग गरम पायजे," तो म्हणाला. "आन् ते रोजच्याच वजनानं. सवय मोडायची न्हाई." म्हणून टेम्पोत मागं म्हस्कू, बानूबाई आणि बाजी, असे तिघं शिरूरच्या मैदानावर पोचले. अंग गरम झालं, बाजीला मका मिळाला, आणि मग त्याला टेम्पोच्या फाळक्याला बांधलं.

परीक्षा घेणारे सोपानराव हे फौजेतून निवृत्त झालेले, पीळदार मिशांचे गृहस्थ. त्यांनी म्हस्कूकडं बघून नुसतं "हं" केलं. हातात घड्याळ धरलं. म्हस्कू रेषेवर वाकला.

तो वाकला आणि तिकडं बाजीनं दोर तोडला.

शिट्टी झाली. म्हस्कू टायरांतून असा पळाला, की बघणारे पुढं सरकून बघू लागले. काटेरी रानातून मेंढरांमागं धावलेले पाय होते ते. जाळीखालून तो सापासारखा निघाला. तीन मिनिटांत तो भिंतीवर चढून बसला होता, आणि पलीकडं उडी मारणार तोच मागून बाजीचा ओरडा आला. बाजी त्याच्या मागोमाग जाळीत शिरला होता आणि शिंगं जाळीत गुरफटून आडवा पडला होता.

"दाजी, फुडं मारा उडी! त्याला मी बघतो!" जयसिंग ओरडला. पण बाजी त्याला जवळ येऊ देईना.

म्हस्कूनं एकदा पुढच्या खड्ड्याकडं पाहिलं, एकदा मागं, आणि तो मागच्या बाजूला उतरला. शिंगं सोडवायला दोन मिनिटं गेली. सुटल्यावर बाजी बाजूला होईल तर शपथ. वाकलेला म्हस्कू समोर होता आणि मका येणं बाकी होतं. तो चार पाय रोवून उभा राहिला.

"चल मंग," म्हस्कू म्हणाला आणि त्यानं बाजीला खांद्यावर घेतलं.

पुढचं ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. म्हस्कूनं बाजीला आधी भिंतीवर ठेवलं, मग स्वतः चढला, पलीकडं उतरून त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं. पुरात घोडनदी ओलांडावी तसा कमरेएवढ्या पाण्यातून पार गेला. पोत्यापाशी आल्यावर धापा टाकत म्हणाला, "साहेब, ह्याला खाली ठिवलं तर ह्यो पोतं उचलू देनार न्हाई. ह्यालाच नेऊ का?"

सोपानरावांच्या तोंडून शब्द फुटेना. म्हस्कूनं तो होकार धरला आणि पन्नास पावलं तोंड लाल करून पुरी केली.

"साडेनऊ मिनिटं," सोपानराव म्हणाले. "दीड मिनिट जास्त."

बानूबाईनं पदर तोंडाला लावला. म्हस्कूनं गळ्यातली शिट्टी काढली आणि सोपानरावांपुढं धरली.

सोपानरावांनी ती घेतली नाही. "तीन मिनिटांत भिंतीवर होतात. मागं कशाला फिरलात?"

म्हस्कूला प्रश्नच कळेना. "आपल्या राखनीतलं अडकलं तर ते टाकून कुनी फुडं जातं व्हय, साहेब?"

सोपानरावांनी मिशीला पीळ दिला. मग त्यांनी जवळच्या धान्याच्या दुकानातून काटा मागवला आणि बाजीला त्यावर उभं केलं. सदतीस किलो. त्यांनी कागदावर लिहिलं: सात किलो वजन जास्त वाहिल्याबद्दल दीड मिनिट सूट. पास.

सोमवारी सकाळी म्हस्कू अंथरुणातून उठू शकला नाही. कंबर धरली होती. जयसिंग गुरू म्हणून पेढे घेऊन आला, तर दारात बाजी वाट बघत उभा. परीक्षा संपली, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आज मी उचलतो," जयसिंग म्हणाला. त्यानं जोर लावला, आणि बाजी आहे तिथंच राहून जयसिंग पेढ्यांवर बसला. चौथ्यांदाही भरती हुकली.

"सर बाजूला," म्हणत बानूबाई आतून आली. हाताचं पीठ झटकलं, पदर खोचला, एक गुडघा टेकला आणि बाजीला अलगद खांद्यावर घेऊन उभी राहिली. अंगणाच्या दोन फेऱ्या मारल्या. श्वासही लागला नाही.

म्हस्कू खिडकीतून बघत होता. "अगं, तुला कवापास्नं येतंय हे?"

"तुमी ड्यूटीवर गेल्यावर ह्यो दिवसभर दारात वरडायचा. दुपारी एकदा, दिवस कलल्यावर एकदा, कोन उचलत हुतं मग?"

म्हस्कूनं मनाशी हिशेब केला: आपली रोजची एक फेरी, तिच्या दोन. वर रात्री तिच्याकडून आपलेच पाय तेलानं चोळून घेतले, ते वेगळंच.

"आन् मका?" त्यानं हळूच विचारलं.

"उंदरं लागली हुती न्हवं?" बानूबाई म्हणाली आणि बाजीला घेऊन तिसऱ्या फेरीला निघाली.