भवानीआधी उधार नाय

हिरामावशी दारात टोपली उतरवायची आणि मासळीवरचं फडकं काढायच्या आधी गिऱ्हाइकालाच म्हणायची, "डोळा दाखव!"

बोईसरच्या आमच्या कॉलनीत सगळे बाहेरून आलेले. कोणी साताऱ्याचे, कोणी जळगावचे, कंपनीच्या शिफ्टला बांधलेले. मासळीतलं आम्हाला कळायचं ते एवढंच, की ती पोहते. समुद्रकाठच्या सातपाटीहून येणाऱ्या मावशीने अक्कल दिली. डोळा चमकला तर ताजी, गढूळ दिसला तर शिळी. हाच कायदा तिने माणसांनाही लावला. आई म्हणायची, "मावशी, आज नको, उपास आहे," की मावशी वाकून बघणार. "डोळा दाखव. खोटं! घरात अंडी उकडत हायत."

अंडी खरंच उकडत असायची.

मी तिची हुबेहूब नक्कल करायचो. एकदा जिन्यातून "ताजा बोंबीऽऽल" ओरडलो तर दोन काकू पातेली घेऊन बाहेर आल्या. मावशीने कान धरला. मला वाटलं, संपलं. तर म्हणते कशी, "बेस वरडतोस रे! उद्यापासून तूच वरड, मी दमते."

तिचा दुसरा कायदा भवानीचा. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती रोखच. नोट कपाळाला लावायची, मग कनवटीला. त्यानंतर हवं तेवढं उधार न्या. त्याआधी मॅनेजरसाहेबांची बायको आली तरी एकच उत्तर, "भवानीआधी उधार नाय."

याच कायद्यात प्रणाली अडकली. प्रणाली म्हणजे मावशीची एकुलती लेक, पालघरच्या कॉलेजात माझ्याच वर्गात. वडील वारलेले, घरात दोघीच. बीए झाल्यावर तिला पुण्यात गुन्हेशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. फीसाठी कर्ज काढायचं, त्यावर आईची सही हवी.

मावशीने रीतसर तपास सुरू केला. ज्या दारात टोपली, त्या दारात चौकशी, "चोर शोधायचा पगार किती असतो?"

हवालदारकाका म्हणाले, "भरतीला कुठलीही डिग्री चालते, मावशी." कंपनीचा वॉचमन म्हणाला, "मौसी, हमको तो बिना डिग्री के रख लिया."

प्रणाली कळवळून सांगायची, "आये, पोलीसच नाय काय फक्त. बँकेतली लबाडी शोधायला मानसं लागतात, कंपन्यांना लागतात."

"पयला पगार?"

प्रणालीने खरा आकडा सांगितला. अर्धा हप्त्यात, उरलेला खोलीभाड्यात आणि खानावळीत.

"म्हंजे मासळीपरीस बरफच म्हाग!"

तरी आम्ही तिघं बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी व्याजाचा दर सांगितला. मावशी मांडी ठोकून बसली. "आता शेवटचं बोला."

"मावशी, दर ठरलेला असतो."

"मी पन हेच सांगते गिऱ्हाइकाला. डोळा दाखवा."

बिचाऱ्या मॅडमनी चष्मा काढून दाखवला.

"खरं बोलते बाय," मावशी म्हणाली आणि उठली. "पन पोरीनं अजून एक रुपया कमावला नाय. भवानीआधी उधार नाय."

परतताना रिक्षात प्रणाली कर्जाच्या फॉर्मची घडी घालत आणि उलगडत राहिली. मी कोणाची नक्कल केली नाही.

कर्जाचे कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी मी सकाळीच सातपाटीला गेलो. दारात बांबूवर बोंबील वाळत होते. प्रणाली तोंड फुगवून बसलेली, मावशी टोपली भरत होती. मधेच म्हणाली, "चोर शोधनारी ना तू? टोपलीतलं एक पापलेट कमी हाय. शोध."

प्रणालीने रागारागाने टोपलीकडे बघितलं. मग आईच्या हाताकडे. "नखाला हळद हाय तुझ्या. चुलीवर हाय पापलेट."

"आनि चुलीवर का गेलं?"

"आपल्यात पापलेट विकायला असतं. आपन खातो बोंबील नायतर मांदेली. पापलेट तू फक्त..." ती अडखळली. "बाबा बोटीवर लांब जायचे तवाच करायचीस."

"मग आता कोन चाललंय लांब?"

मावशीने कनवटीची पन्नासची नोट काढून तिच्या हातात कोंबली. "घे तुजी मजुरी. तपास लागला." प्रणालीने नोट कपाळाला लावली.

"झाली भवानी," मावशी म्हणाली. "कुठं सही करू ते दाखव."

आता प्रणाली पुण्यात एका बँकेसाठी लबाड्या शोधते. हप्ते चालू आहेत, बर्फ अजून महागच आहे. मी बोईसरलाच कंपनीत लागलो. मावशीचे गुडघे गेलेत. ती जिन्याखाली टोपली उतरवते आणि सुट्टी असली की मी वर जाऊन तिच्या आवाजात ओरडतो. काकू आजही फसतात.

परवा जिन्याखालीच प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइल मी धरला होता.

"जेवलीस का, आये?"

"पोटभर."

"करमतं ना?"

"मला काय धाड भरलीय? मजेत हाय."

"डोळा दाखव."

मावशीने माझ्या हातातून मोबाइल खसकन ओढला आणि टोपलीतल्या पापलेटाच्या डोळ्यावर धरला. "हा बघ. ताजा हाय का नाय?"

मावशी पदराने तोंड पुसत होती.

"ताजा हाय, आये," प्रणाली म्हणाली.