बादलीतले बाप्पा

विसर्जन होऊन आठवडा उलटत आला, तरी उज्वलाच्या बाथरूममधल्या बादलीत बाप्पा गळ्यापर्यंत पाण्यात प्रसन्न बसून होते. सोंडेचा रंगसुद्धा हलला नव्हता.

शाडूची मूर्ती एका रात्रीत विरघळते, हे सोसायटीला उज्वलानेच शिकवलं होतं. ती मृदाशास्त्र शिकलेली. विरघळलेली माती शेणखतात कालवली, वर मूठभर निंबोळी पेंड घातली, की कुंड्यांना खनिजं मिळतात आणि रासायनिक खताचा कण न घालता वांगी धरतात, हे तिने घरोघरी समजावलं होतं. पंचवटीतला मूर्तिवालाही तिनेच शोधला आणि सगळ्यांना तिथेच नेलं. आता रविवारी सोसायटीतल्या सगळ्या जणी आपापली माती घेऊन गच्चीवरच्या बागेत जमणार होत्या.

शेवटी तिने मूर्तीच्या तळाला नख लावलं. आतून पांढरंशुभ्र प्लास्टर निघालं.

"मातीची डॉक्टर म्हणे," दारातून योगेश म्हणाला. "मी आंघोळ कुठे करायची तेवढं सांग. तुझ्या गच्चीवर?"

नवऱ्याचं तिने मनावर घेतलं नाही. पण जिन्यात वत्सलाबाई भेटल्या. त्यांचा बाप्पा म्हणे दुसऱ्याच दिवशी लोण्यासारखा विरघळला होता.

"तुमचा काय, पहिल्याच रात्री विरघळला असेल," त्या म्हणाल्या.

"हो," उज्वला म्हणाली, आणि तिचे कान तापले. मग वरच्या निकितानेही तेच सांगितलं, तळमजल्यावरच्या लंकाबाईंनीही. म्हणजे फसवली गेली ती एकटीच.

उपाय तिला ठाऊक होता. महापालिका अमोनियम बायकार्बोनेटची पावडर फुकट देते. ती घातलेल्या पाण्यात प्लास्टर फुटतं, तळाशी चुनखडी बसते आणि वर उरतं अमोनियम सल्फेट. जे रासायनिक खत गच्चीवर दिसलं तर कुंडी उचलून फेकीन, असं तिने बजावलं होतं, नेमकं तेच.

स्कूटरवरचा स्कार्फ डोळ्यांपर्यंत तसाच ठेवून ती विभागीय कार्यालयात शिरली. नाव विचारतील या धास्तीने तिने उत्तर आधीच घोकून ठेवलं होतं.

"पावडर हवी होती. माझ्यासाठी नाही, शेजारणीसाठी."

तिने सोसायटीचं नाव सांगितलं, तशी टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"शेजारीण म्हणजे त्या उज्वलाताईच ना? तुमच्या सोसायटीतून जी येते ती त्यांच्याच नावाने पिशवी नेते. आत्ताच एक आजी नेऊन गेल्या. मला एक सांगा ताई, त्या बाईंच्या घरी गणपती आहेत तरी किती?"

 पंचवटीतल्या त्या दुकानाची पायरी आपण कुणाकुणाला चढायला लावली, ते उज्वलाने मनातल्या मनात मोजलं. मग स्कार्फ सोडला.

"बारा," ती म्हणाली. "उरलेल्या पिशव्या माझ्याकडेच द्या."